गायरान मोजलं ते वर्ष

आमच्या घरात पर्यावरणशास्त्र हा शब्द मी आणला, आणि पुढची तीन वर्षं तो कुणाच्याच तोंडात नीट बसला नाही. माय त्यातला अर्धाच भाग घ्यायची, थोरला भाऊ दत्ता 'तुझं ते हवापान्याचं' म्हणायचा, आणि आबा तर तो शब्द टाळूनच पुढं जायचे. पेडगावात कुणी विचारलं, लेक काय शिकायलीय, तर ते म्हणायचे, "परभनीला जाती." म्हणजे जाणं हेच शिक्षण. त्यात फार चूकही नव्हती. सकाळी गावातून चालत फाट्यावर यायचं, एसटी धरायची, परभणीच्या स्टँडवर उतरून पुन्हा कॉलेजपर्यंत चालायचं, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. गाडी वेळेवर आली तर नशीब. तीन वर्षांत मी निम्मा वेळ तरी उभी होते किंवा हलत होते. बसून शांतपणे वाचलं आहे असा एकही दिवस मला आठवत नाही.

हा विषय मी आवडीनं निवडला असं लिहायला बरं वाटलं असतं. मला गणिताचा गट हवा होता आणि तो भरला होता. खिडकीतले कारकून म्हणाले, रसायन, वनस्पती आणि पर्यावरण असा नवीन गट निघालाय, त्यात जागा खाली आहेत, घ्यायची तर आजच घे. मागं रांग होती. मी घेतली. अर्जात वडिलांच्या व्यवसायाची ओळ होती, तिथं मी 'शेती' लिहिलं. आमची दोन एकर मुरमाड जमीन होती, म्हणून ते अगदीच खोटं नव्हतं. पण आमचं पोट त्या दोन एकरावर नव्हतं. ते मेंढरांवर होतं, आणि ते मी लिहिलं नाही. वर्गात आम्ही अकरा जण होतो. कुणाचे वडील मास्तर, कुणाचं दुकान, कुणाची वालूरकडं चांगली बागायत. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, असं ते दोन वर्षं चाललं.

घर गावाच्या अगदी कडेला, जिथं रस्ता संपून पांदण लागते तिथं. पुढं पत्र्याच्या दोन खोल्या, मागं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा. मेंढरं घरी असली की आमच्या घरात शांतता अशी कधी नसायची. पहाटे आधी कोकरं ओरडायची, मग त्यांच्या आया, मग ज्या शेळ्यांना काही कारण नव्हतं त्याही. त्या कालव्यात माय भाकरी थापायची, आणि तो थापण्याचा आवाज सगळ्यांतून वेगळा ऐकू यायचा. दत्ता कोकरांना धरून पाजायला लावायचा, आबा एकेका मेंढीच्या खुरात बोट घालून बघायचे. मी चुलीपुढं बसून वहीत डोकं खुपसायची. भाकरीबरोबर बहुतेक येसराची आमटी असायची, कधी अंबाडीची भाजी, आणि मेंढरांची कातरणी झाली की त्या दिवशी माय धपाटे करायची, ज्वारीच्या पिठात लसूण-तीळ घालून, वर शेळीच्या दुधाचं दही. ती चव मी नंतर पुष्कळ ठिकाणी शोधली. पण त्या वेळी मला खाण्याकडं लक्षच नव्हतं. मला घाई असायची. न्हाऊन, केसांना शिकेकाई लावून, घडी केलेला ड्रेस घालून मी वाड्यापासून शक्य तितक्या लांबून वळसा घेत निघायची. एकदा प्रयोगशाळेत एक मुलगी सहज म्हणाली होती, कसला तरी वास येतोय. वास कुठल्यातरी रसायनाचा होता, ते लगेच कळलंही. पण तेवढ्या दोन मिनिटांत मी हातातली काचेची नळी ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

घरी असले की मला कॉलेजात असावं वाटायचं आणि कॉलेजात असले की खिडकीतून बाहेर पळावं. वर्गात जे शिकवायचे ते कधी कधी इतकं माझ्या ओळखीचं असायचं की मी अस्वस्थ व्हायची. माती कशी धुपते, पाणी कसं मुरतं, ओढ्याच्या काठचं झाड तुटलं की पुढं काय होतं. आणि कधी ते इतकं उलटं असायचं की मला घरी जाऊन कुणालातरी विचारावं वाटायचं. आम्हाला नैसर्गिक साधनसंपत्तीचा पेपर शिकवायला पाठक सर होते. सडपातळ, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या, आवाज बारीक पण शब्द स्वच्छ. मराठवाड्यातली कुरणं का संपली यावर त्यांनी एक तास घेतला आणि फळ्यावर पहिलंच कारण लिहिलं, अतिचराई. त्याखाली मेंढी आणि शेळी. शेळीला ते चालती कुऱ्हाड म्हणाले आणि वर्ग हसला. मीही हसले. वहीत मी ते कारण लाल शाईनं अधोरेखित केलं. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा एक शेळी अडली म्हणून दुपारपासून तिच्याजवळ बसून होते, कोपरापर्यंत हात भरलेले. मी पाणी तापवून दिलं. करडू जगलं. मला रात्रभर ती लाल रेघ दिसत राहिली, असं लिहिलं तर नाटकी होईल. मला झोप छान लागली. मी तेव्हा तशी होते.

गावाच्या उत्तरेला मोठं गायरान होतं, म्हणजे गावाच्या सगळ्या जनावरांसाठी राखलेला माळ. आता त्याच्या कडेनं सोलरच्या निळ्या पाट्या लागल्यात आणि तिथं जायला चांगला रस्ता झालाय, म्हणून ओळखू येत नाही. तेव्हा तो नुसता लांबच लांब उतार होता, वर दगड, खाली ओढा. मी कॉलेजला लागले त्याच्या आदल्या वर्षी त्यातला निम्मा भाग सरकारी योजनेत बंद केला होता. भोवती खोल चर खणला, काटेरी तार ओढली, आत ओळीनं सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं. सरपंचांनी नारळ फोडला, गावातल्या बऱ्याच जणांना चर खणायचं काम मिळालं, दत्तालाही. मेंढरं उरलेल्या निम्म्यात गेली. आता बोलणं असं होतं की उरलेलाही भाग बंद करायचा. त्याआधी पहिल्या भागाचं काय झालं याचा एक अहवाल हवा होता, तो योजनेच्या कार्यालयानं पाठक सरांकडं मागितला. सरांनी माझा पत्ता बघितला आणि म्हणाले, "तुझंच गाव आहे ना? मग तुझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाच." मी नाही म्हणायला हवं होतं. पण अकरा जणांतून सरांनी मला निवडलं, याचा इतका आनंद झाला की मी हो म्हणून बसले.

पोळा होऊन गेल्यावर सर एकदा स्वतः माळ बघायला आले. मोटारसायकलवरून, डोक्याला रुमाल बांधून. मी फाट्यावर थांबले होते आणि त्यांना गावातून न नेता ओढ्याच्या बाजूनं नेलं, म्हणजे आमचं घर वाटेत लागणार नाही. तारेच्या आतलं गवत कमरेएवढं वाढलं होतं, वाऱ्यावर हलत होतं, लांबून फारच देखणं दिसायचं. सर खूश झाले. तारेच्या बाहेर मात्र घोट्याएवढं गवत, मधेमधे दगड उघडे. हा फरक डोळ्यांना दिसतोच आहे, ते म्हणाले, फक्त तू तो मोजून लिही. एवढ्यात चढावरून मेंढरांची खांड उतरली. पुढं शिंगाळा एडका, मागं सगळा कळप, आणि त्यांच्या मागं खांद्यावर घोंगडी टाकलेले आबा.

आबांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा हलला, हसण्याआधी हलतो तसा. पण सरच पुढं झाले. ते उद्धटपणे बोलले नाहीत, हे मी आवर्जून लिहिते. त्यांनी आबांना बाबा म्हटलं, हातानं तारेच्या आत आणि बाहेर दाखवलं, मेंढरं गवत मुळासकट कसं उपटतात ते समजावलं, आणि म्हणाले की असंच चाललं तर पुढच्या पिढीला हा माळ राहणार नाही, तुम्हाला मुलंबाळं असतील ना, त्यांचा विचार करा. आबा काठीवर हात ठेवून ऐकत राहिले. "व्हय साहेब," ते म्हणाले. मग सर माझ्याकडं वळले.

"ओळखीचे आहेत का तुझ्या?"

मी म्हणाले, "गावातलेच आहेत, सर."

एवढंच. तीन शब्द. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी एडक्याला हाळी दिली आणि खांड ओढ्याकडं वळवली. सर पुढं काहीतरी बोलत होते, जमिनीचा उतार, चराची खोली, मी मान हलवत होते. मला कळप खाली जाताना दिसत होता आणि शेवटच्या लंगड्या मेंढीसाठी आबा दोनदा थांबले तेही दिसत होतं.

घरी गेल्यावर ते मायला सांगतील, माय ओरडेल, आणि मग मोकळं होता येईल, असं मला वाटत होतं. त्यांनी सांगितलं नाही. दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. त्यांनी भाकरी मोडली, आमटी ओतली, आणि मधेच विचारलं, "तुझे सर कुठले?" मी म्हटलं, लातूरकडचे असावेत. "चांगला मानूस हाय," ते म्हणाले. "समजावून सांगतो."  मी आजवर पुष्कळ जणांची पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण या दोन वाक्यांसारखं काही लागलं नाही.

मोजणीसाठी चौकट लागायची. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन करायचा, तो माळावर ठरवलेल्या अंतरानं टाकायचा, आणि त्याच्या आत कोणकोणतं गवत आहे, किती आहे, किती जमीन उघडी आहे ते लिहायचं. मी चार बांबूच्या काठ्या लोकरीच्या सुतानं बांधून ती केली आणि सुटीच्या दिवशी तारेच्या आतून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी अडले. पुस्तकात गवतांची लॅटिन नावं होती आणि काळी-पांढरी चित्रं. माझ्यापुढं सगळं एकसारखं हिरवं-पिवळं. संध्याकाळी मी एक जुडी करून घरी आणली आणि वाड्याच्या कडेला बसून चाळत राहिले. आबा येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघितलं, मग खाली बसले आणि एकेक काडी वेगळी करायला लागले. ही कुसळी, हिचं कुसळ मेंढराच्या कातड्यात शिरतं, फुलायच्या आधीच खावी लागते. हा पवन्या, हा जितका कोवळा तितका गोड. हे मारवेल, हे खाल्लं की दूध वाढतं. हा कुंदा, ह्याला कुनी तोंड लावत न्हाई. बोटांत धरून, कधी वास घेऊन, एकदा चावूनही. मी लिहून घेत होते. माळावरच्या त्या दिवसाबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही नाही. आमच्या दोघांमध्ये ते गवताच्या जुडीसारखं पडून होतं, आणि आम्ही त्याच्या बाजूनं बोलत होतो.

आता मी शिकवते त्या वर्गातल्या मुली पानाचा फोटो काढतात आणि फोन नाव सांगतो. बरं आहे ते. मी त्यांना अडवत नाही. फक्त फोन चावून बघत नाही, एवढंच सांगते, आणि त्या हसतात.

महिनाभर मी दर सुटीला माळावर होते. पायात कुसळं, मानेवर ऊन, आणि वहीत जे उतरायला लागलं त्यानं मन थाऱ्यावर राहीना. तारेच्या आतलं ते देखणं उंच गवत म्हणजे जवळजवळ सगळी कुसळी होती, वाळलेली, एकावर एक पडलेली, तिच्याखाली दुसरं काही उगवत नव्हतं. चर जिथं खणला तिथं उकरलेल्या मातीवर गाजरगवत माजलं होतं, आणि लावलेल्या झाडांतली बरीच वाळून काड्या झाली होती. उघड्या माळावर गवत बुटकं होतं, पण एकेका चौकटीत आतल्याच्या दुपटीनं जाती मिळत होत्या. पवन्या, मारवेल, मधेच रानातल्या शेंगांचे वेल, आणि चंडोलाची घरटी, तीही बाहेरच. मी पुन्हा मोजलं. मला वाटलं मी बापाच्या बाजूनं मोजायलेय. म्हणून जागा बदलून, डोळे मिटून चौकट फेकून मोजलं. तेच आलं.

मग एकच जागा राहिली, ओढ्याच्या काठची, जिथं दुपारी मेंढरं पाण्यावर यायची आणि ऊन उतरेपर्यंत बाभळींखाली बसायची. आबांनी मला तिकडं निघालेलं बघितलं.

"तिथं काय मोजायलीस? तिथं काय हाय?"

"तेच बघायचंय, आबा."

तिथं खरंच काही नव्हतं. टणक जमीन, लेंड्या, थोडी हरळी, तरवडाची झुडपं, आणि ओढ्याचा काठ खुरांनी इतका तुटलेला की बाभळीची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. पावसात तिथली माती दरवर्षी खाली जात होती. ही जागा लहान नव्हती, आणि वर्षागणिक वाढत होती. मी तिथंही चौकट टाकली, एकदा नाही, बाकीच्या ठिकाणी टाकली तितक्याच वेळा. प्रत्येक वेळी 'उघडी जमीन' असं लिहिलं. आबा थोड्या अंतरावर उभे राहून बघत होते. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मी काय लिहितेय ते त्यांना कळत होतं.

सरांना वही दिली तेव्हा त्यांनी ती आधी उलटी चाळली, मग सुलटी. दुसऱ्या दिवशी ते न सांगता एकटेच पेडगावला जाऊन आले, असं मला नंतर कळलं. आठवड्यानं त्यांनी मला खोलीत बोलावलं. आकडे बरोबर आहेत, ते म्हणाले. पाण्याजवळच्या जागेचं लिहिलं नसतंस तर मी बाकीच्यावर विश्वास ठेवला नसता. मग त्यांनी गवतांच्या नावांवर बोट ठेवलं. लॅटिन नावांशेजारी मी गावातली नावं लिहिली होती. ही कुणी सांगितली, त्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी, सर. ते मेंढरं राखतात. त्या दिवशी माळावर तुम्ही ज्यांच्याशी बोललात, ते."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ तो रुमालानं पुसत राहिले, आणि मला वाटलं आता मला रागावतील. ते म्हणाले, "मग मला तेव्हाच सांगायचं होतंस. मी त्यांनाच विचारलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला बाहेर येऊन व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुवावं लागलं.

थंडीत ग्रामसभा भरली, शाळेच्या पटांगणात, सतरंज्या टाकून. एरवी कुणी यायचं नाही, पण गायरानाचा विषय होता म्हणून माणसं आली. पुढं कार्यालयातले साहेब, सरपंच, पाठक सर. सरांनी दोन वाक्यं बोलून मला उभं केलं. बायका मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांत माय होती, आणि आमची धनगरांची घरं डाव्या बाजूला, त्यांच्यात आबा.  मी तारेच्या आतलं सांगितलं, बाहेरचं सांगितलं. सरपंचांचा चेहरा उतरला, साहेब लिहून घेत होते. मागून एक जण शांतपणे म्हणाला, "धनगराची पोर, ती मेंढराचंच बोलनार." कुणी हसलं नाही. तो म्हणाला ते सगळ्यांच्याच मनात होतं.

मी म्हणाले, "व्हय, मी त्यांचीच हाय. ते माझे आबा बसलेत." सभेसाठी घोकून आणलेली शुद्ध भाषा कुठं गेली कळलं नाही. "आन् आता पान्याजवळचं सांगते. तिथं आमच्याच मेंढरांनी जमीन उघडी केली. काठ तुटायलाय. ती जागा बंद करायला पायजे, बाकीचा माळ नगं."

डावीकडं कुजबुज सुरू झाली. आमच्यातलेच एक म्हातारे उठून आबांना म्हणाले की लेकीला शिकवलं ते ह्यासाठी का, मेंढरं पान्यावर न्यायची कुठं? दुसरा पाणोठा म्हणजे टेकडीला पूर्ण वळसा, उन्हात, रोज. ते मलाही ठाऊक होतं. मी ते अंतर चालून बघितलं होतं आणि वहीतही लिहिलं होतं.  साहेबांनी दोन-चार जणांना विचारलं, सरांशी बोलले, आणि ठरलं ते असं की उरलेलं गायरान यंदा बंद करायचं नाही, पण ओढ्याकाठची जागा दोन पावसाळे जनावरांना बंद. ठराव झाला तेव्हा आबा उठले, घोंगडी झटकली आणि सह्यांसाठी न थांबता निघून गेले.

मायनं मला घरी आल्यावर काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. ती म्हणाली त्यातलं एक खरं होतं, की बापाला भर सभेत बोलायच्या आधी घरात सांगायचं होतं. ते मी केलं नव्हतं. आबा मला टाकून बोलले नाहीत, कमी बोलले. दरवर्षी उन्हाळा लागला की ते आणि दत्ता खांड घेऊन गंगेकडं, म्हणजे नदीकाठी गंगाखेडच्या बाजूला जायचे. तिथं मोकळ्या झालेल्या रानांत मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं आणि मेंढरांना पालापाचोळा. त्या वर्षी ते शिमग्याच्याही आधी निघाले. पाणी लांब पडायलंय, असं मायला म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होते. परत आले तर वाडा रिकामा. परीक्षेच्या आधीच घरात शांतता आली होती, आणि तिच्यात मला अभ्यास होईना. एका जागी बसले की उठावं वाटायचं, उठले की कुठं जावं ते कळायचं नाही. परीक्षा मी अशीच दिली, पेपर संपायच्या आत उठून.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं धपाटे बांधून दिले. कुठं जायचं ते तिनंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गंगाखेडला उतरून मी चौकशी करत निघाले. एका रसवंतीवाल्यानं सांगितलं, पेडगावकडली मेंढरं गंगेच्या अलीकडं उतरलीत. ऊस निघून गेलेल्या एका मोठ्या वावरात मला खांड दिसली. दत्ता गावात पीठ आणायला गेला होता. आबा एका लिंबाखाली बसून कोकराच्या पायातला काटा काढत होते. मला बघून म्हणाले, "जेवलीस का?" मी धपाटे सोडले. आम्ही खाल्ले. आबा बरेच वाळले होते, उन्हानं काळे पडले होते, गालांना खळगे पडले होते. रोजचा वळसा आणि वेळेआधीची वणवण त्यांच्या अंगावर दिसत होती, आणि ती मी मागं लावली होती.

मी म्हणाले, "आबा, पान्याजवळचं मी आधी घरात सांगायला पायजे होतं."

ते जरा वेळ कोकराच्या पायावरून अंगठा फिरवत राहिले.

"काठ तुटायलाय ते मला तुझ्या आधीपासून दिसायलंय," ते म्हणाले. "मी मेंढरं हलवली न्हाईत, कारन लांब पडतंय. तू बोललीस त्याचा राग न्हाई. त्या दिशी माळावर तू बोलली न्हाईस, त्याचं लय दिवस वाईट वाटलं."

 मग त्यांनी कोकरू सोडलं, घोंगडीची वळकटी डोक्याखाली घेतली. म्हणाले, दोन दिवस डोळ्याला डोळा न्हाई, जरा पडतो, तू बघ. त्या पल्याडच्या बांधाला जाऊ देऊ नको, तिथं हरभऱ्याचं काड रचलंय. काठी माझ्याजवळ सरकवली आणि पाठ करून झोपले. थोड्याच वेळात घोरायला लागले.

परीक्षेचा ड्रेस, खांद्याला पर्स, हातात काठी, अशी मी त्या वावरात उभी राहिले. खांड मला ओळखत होती, तरी पल्याडच्या बांधाकडं सरकत होती. मी धावले, वळवली, पुन्हा धावले. पायात सॅंडल होते ते काढून टाकले. घसा कोरडा झाला. दुपार कलायला आली तेव्हा वाटेनं एक शेतकरी सायकल ढकलत आले. धोतर, डोक्याला उपरणं. थांबून त्यांनी कळप बघितला, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि त्यांना काही मेळ लागेना.

"बाई, ही मेंढरं कुनाची हायत?"

"आमची," मी म्हणाले.

त्यांना उद्यापासून त्यांच्या रानात खांड बसवून हवी होती. मी म्हणाले, आबा झोपलेत, उठले की सांगते. ते बरं म्हणाले आणि सायकल ढकलत पुढं गेले.